पेटी आत, हलगी बाहेर



नाताळ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे येणारं चित्र ठरलेलं आहे. वसईतली पांढरी चर्चं, वांद्र्याच्या गल्ल्यांतले कंदील, गोव्यातली मध्यरात्रीची मिसा, गिटार, व्हायोलिन आणि चार आवाजांत गाणारा क्वायर. या चित्रात भालकी येत नाही. औराद, हुमनाबाद, आळंद येत नाहीत, चिंचोळी तर नाहीच नाही. पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बीदरच्या किंवा कलबुर्गीच्या बसस्थानकावर थोडं थांबून बघा. हैदराबादला, पुण्या-मुंबईला बांधकामावर गेलेली माणसं बायकामुलांसह उतरत असतात. हातात कापडाच्या दुकानाची पिशवी, डोक्यावर बोचकं. कुठे निघालात विचारलं तर सांगतात, सणाला. शेतात तुरीची काढणी आलेली असते आणि त्यांचा सण पंचवीस तारखेचा असतो.

आजचा माझा विषय या माणसांच्या गाण्याचा आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना तासभर तयारी करता येईल. ख्रिस्ती उपासनेचं संगीत देशी झालं, असं आपण अभिमानाने म्हणतो आणि नारायण वामन टिळकांचं नाव घेतो. ते बरोबरच आहे. पण ते कोणत्या देशी माणसाचं झालं, हे आपण विचारलेलं नाही. पेटी, तबला, टाळ, चिपळ्या चर्चच्या आत गेल्या. हलगी बाहेर राहिली. आणि या सीमाभागातल्या पुष्कळ ख्रिस्ती घराण्यांचं पिढीजात वाद्य हलगीच होतं.

थोडा इतिहास सांगायला हवा. बीदर आणि गुलबर्गा, म्हणजे आजचं कलबुर्गी, हे दोन्ही जिल्हे सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यपुनर्रचना झाली तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात आले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात गेले, बाकीचा भाग म्हैसूर राज्यात राहिला. कागदावर रेघ ओढली गेली, सोयरिकी मात्र होत्या तशाच चालू राहिल्या. उदगीरकडची मुलगी भालकीकडे दिली की तिच्याबरोबर तिची पदंही जातात. म्हणून आज या भागातली उपासना बहुतेक ठिकाणी कानडीत होत असली तरी मधेच एखादं मराठी भजन निघतं आणि त्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. उर्दू तर कचेरीची भाषा होती. प्रार्थनेत तिचे शब्द सहज येतात.

या मुलखाच्या कानाला गाण्यांची वाण कधी नव्हतीच. हुमनाबादजवळ माणिकनगर आहे. तिथल्या माणिकप्रभूंनी एकोणिसाव्या शतकात मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी अशी पदं रचली. कलबुर्गीकडे कडकोळच्या मडिवाळप्पांची कानडी तत्त्वपदं एकतारीवर गायली जातात. मोहरमात रिवायतीची पदं म्हणणारे फड असतात आणि त्यांत हिंदू गाणारे कमी नसतात. ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसात कव्वाली रंगते. आषाढात पंढरीची दिंडी याच रस्त्यांनी जाते. मिशनरी इथे आला तेव्हा त्याला गाणं माहीत नसलेली माणसं भेटली नाहीत. गाण्यात बुडालेली माणसं भेटली, आणि त्यातही ज्यांच्या हातात ताल होता ती वेशीबाहेरची माणसं सर्वांत आधी भेटली.

या भागातली प्रॉटेस्टंट मंडळी मुख्यतः मेथडिस्ट. विल्यम टेलर हा अमेरिकन प्रचारक १८७१मध्ये मुंबईत आला. त्याच वर्षी मुंबईहून निघालेला लोहमार्ग सोलापूर, गुलबर्गा करत रायचूरला पोहोचला. मेथडिस्टांचं काम या लोहमार्गाच्या कडेकडेने वाढलं, आधी रेल्वेतल्या इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांत आणि मग देशी भाषांत. एकोणिसावं शतक सरता सरता ते बीदरच्या खेड्यांपर्यंत गेलं. आज बीदर शहरात मंगलपेठेतलं सेंट पॉल मेथडिस्ट चर्च सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खेड्यांत पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या लहान लहान इमारती आहेत. एका पाळकाकडे चारपाच गावं असतात. पंचवीस तारखेला त्याची जी धावपळ होते ती विचारू नका. एका गावची उपासना पहाटे, दुसऱ्याची दहाला, तिसऱ्याची दुपारी जेवणं झाल्यावर. येशूचा जन्म नेमका किती वाजता झाला, हे अशा वेळी पाळकाच्या मोटारसायकलवर ठरतं.

मेथडिस्ट पंथ आणि गाणं यांचं नातं जुनं आहे. जॉन वेस्ली या संस्थापकाचा भाऊ चार्ल्स याने हजारो गीतं लिहिली. त्याचं सर्वांत प्रसिद्ध नाताळगीत १७३९चं. पण आज जगभर ते ज्या रूपात गायलं जातं ते त्याच्या एकट्याचं नाही. सुरुवातीचे शब्द जॉर्ज व्हाइटफील्डने बदलले. चाल मेंडेलसोनची, आणि तीही १८४०मध्ये छपाईच्या कलेचा उत्सव होता त्यासाठी बांधलेली. ही चाल धार्मिक शब्दांना शोभायची नाही, असं खुद्द मेंडेलसोनचं मत होतं. त्याच्या मृत्यूनंतर १८५५मध्ये एका इंग्रज वादकाने शब्द आणि चाल यांची गाठ घातली. ऑस्ट्रियात ओबर्नडॉर्फला १८१८च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिल्यांदा गायलं गेलेलं ते शांत रात्रीचं गीत घ्या. ते पहिल्यांदा गिटारवर गायलं गेलं, आणि तिथल्या चर्चमध्ये तेव्हा गिटारला मान नव्हता. म्हणजे आज ज्याला आपण अस्सल चर्चचं संगीत समजतो त्यात छपाईच्या समारंभाची चाल आहे आणि ऑर्गनच्या जागी आलेलं गावठी वाद्य आहे. हे मी मुद्दाम सांगतो. उपासनेत कोणतं वाद्य शोभतं आणि कोणतं शोभत नाही हा वाद निघाला की लोक परंपरेचा दाखला देतात, आणि परंपरा उकलून पाहिली की ती अशी निघते.

आता मराठीकडे येतो. इथे आपली गादी मोठी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्यांचं. तुम्ही आमची जुनी पुराणं बंद केलीत, मग त्यांच्या जागी नवं काही द्या, अशी मागणी नव्या ख्रिस्ती लोकांनी केल्याचं ग्रंथाच्या प्रस्तावनेच्या भागातच आलं आहे. मागणी अगदी व्यवहारी होती. लोकांना उपदेशाचा तुटवडा नव्हता, रात्री बसून म्हणायला काही नव्हतं. हे पुराण रोमी लिपीत छापलेलं. १९०७मध्ये मंगळूरला, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, त्याची नवी आवृत्ती निघाली. पुढे लंडनमध्ये त्याचं देवनागरी हस्तलिखित ज्यांनी ओळखलं ते जस्टिन ॲबट हे अमेरिकन मराठी मिशनचे, आणि टिळकांच्या ख्रिस्ती होण्याच्या दिवसांत त्यांच्या जवळचे. तुकाराम-एकनाथांची चरित्रं इंग्रजीत नेणारेही हेच.

अहमदनगरला याच मिशनात १८६०च्या दशकात ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. कृष्णराव रत्नाजी सांगळे हे त्यातलं ठळक नाव. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या चोवीस वर्षांत मराठी मंडळीच्या तोंडी इतकी गीतं दिली की 'उपासना-संगीत' हे गीतांचं पुस्तक उघडलं तर त्यांचा वाटा अडीचशेच्या आसपास भरतो. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. आपण 'स्मृतिचित्रे' वाचतो आणि हे विसरतो.

कलबुर्गीशी थेट नातं आहे ते पंडिता रमाबाईंचं. त्यांनी १९१२-१३च्या सुमारास गुलबर्ग्याला मुलींची ख्रिस्ती शाळा काढली आणि मुलगी मनोरमा हिच्याकडे ती सोपवली. गुलबर्गा का? एक कारण नकाशावरच दिसतं: रमाबाईंची मुख्य संस्था जिथे होती ते केडगाव आणि गुलबर्गा ही एकाच लोहमार्गावरची स्टेशनं. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. रमाबाई पुराणिकाच्या घरातल्या. आईवडिलांबरोबर तीर्थोतीर्थी हिंडून देवळांत पुराण सांगत वाढलेल्या. पद म्हणजे काय, श्रोत्यांच्या समुदायापुढे आवाज कसा लावायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. अशा बाईने उभ्या केलेल्या संस्थेतल्या मुलींच्या तोंडी मराठी भजन असणार, यात नवल नाही.

इथपर्यंत सगळं गोड आहे. पण या नावांकडे पुन्हा एकदा बघा. टिळक चित्पावन, रमाबाई पुराणिकाच्या कन्या, स्टीफन्सना पुराण मागणारा श्रोताही सुशिक्षित ब्राह्मण. त्यांनी ख्रिस्ताला ओवी, अभंग, कीर्तन दिलं, म्हणजे स्वतःच्या घरातलं उत्तम ते दिलं. वारकरी परंपरेत चोखोबाही आहेत, हे मला ठाऊक आहे. अभंग कुणा एका जातीचा नाही. तरीही विणा-टाळ-मृदंगाचं ते घर निराळं आणि हलगीचं घर निराळं. बीदरच्या खेड्यातल्या मादिग किंवा मांग घरातून आलेल्या माणसाला अहमदनगरचं भजन देशी होतं खरं, पण ते त्याचं स्वतःचं नव्हतं. इंग्रजी गीताइतकंच तेही त्याला शिकावं लागलं. कमी त्रासाने, एवढंच.

आणि तो ते शिकला, मनापासून शिकला. त्याचं कारण भजनाच्या रचनेतच आहे. चार आवाजांचं इंग्रजी गीत गायचं तर हातात पुस्तक हवं, अक्षर हवं, सराव हवा. भजनात म्होरक्या एक ओळ म्हणतो, बाकीचे ती उचलतात. वाचता न येणारी म्हातारीही दुसऱ्या फेरीला गाण्यात असते. लय हळू सुरू होते, कडव्यागणिक चढते, शेवटी टाळ्या आणि झांजा एक होतात. इंग्रजी चालीतही जे तीन-तीन मात्रांत डोलतं ते पेटीवाल्यांनी सरळ दादऱ्यात बसवलं, चार-चारवालं केरव्यात. ओबर्नडॉर्फची ती रात्र ढोलकवरच्या दादऱ्यात ऐकून बघा. फार बिघडत नाही. मला तर अधिक आवडते.

पेटीचाही प्रवास मजेचा आहे. ती एकोणिसाव्या शतकातली फ्रान्सची. मिशनरी तिला पायाने भाता मारायच्या रूपात बरोबर घेऊन आले, आणि कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५च्या सुमारास तिला हाताच्या भात्यावर आणून जमिनीवर बसवली. मग ती कीर्तनात गेली, तमाशात गेली, कव्वालीत गेली. आकाशवाणीने १९४०पासून १९७१पर्यंत तिला परकी म्हणून दाराबाहेर ठेवलं, आणि त्याच काळात खेड्यातल्या चर्चमध्ये ती देशी म्हणून वाजत होती. वाद्याला पारपत्र देणारे हात किती तऱ्हेवाईक असतात, त्याचा हा नमुना.

नाताळच्या आधीच्या रात्री मंडळीची फेरी निघते. सगळे तिला कॅरल म्हणतात, कानडीतही, मराठीतही. बांबूला बांधलेली कागदी चांदणी पुढे. पूर्वी पेट्रोमॅक्स असे, आता बॅटरीचा दिवा. ढोलक गळ्यात, पेटी कापडी पट्ट्याने खांद्याला, पोरं पुढे पळत. एकेका घरापुढे एकेक गाणं, पाळकाची लहानशी प्रार्थना, घरधन्याकडून चहा आणि मंडळीच्या दानपेटीत पाकीट. थंडीने आवाज बसलेले असतात, पण तिसऱ्या-चौथ्या घरापासून मोकळे होतात. गाण्यांत येशूच्या जन्माची बातमी सर्वांत आधी मेंढपाळांना मिळाली, हा लूककृत शुभवर्तमानातला प्रसंग पुन्हा पुन्हा येतो. राजे आणि मागी नंतर. इथे रानात रात्री मेंढरं बसवणारा कुरुबा किंवा धनगर प्रत्येकाने पाहिलेला असतो, तेव्हा हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. पंचवीसला उपासना, जेवणं. एकतीसच्या रात्री पुन्हा जागरण. वर्षअखेरीची ही जागरणाची उपासना वेस्लीच्या काळापासून मेथडिस्टांच्या अंगवळणी पडलेली, आणि आपल्याकडच्या रात्रभर भजनाशी तिचं चांगलं जमलं.

कॅथलिकांबद्दल थोडक्यात सांगतो. १९६३मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत देशी भाषांना आणि लोकांच्या आपल्या संगीताला वाट दिली. त्याआधी मिसा लॅटिनमध्ये. कलबुर्गीचा स्वतंत्र धर्मप्रांत २००५चा, बीदरही त्यातच. तिथलं नाताळगायन बरंचसं दक्षिण कर्नाटकातून आलेलं, कानडी आणि घडीव. ते सुरेल आहे, पण माझ्या प्रश्नाला तिथे धार कमी येते, म्हणून पुढे जातो.

हलगी. लाकडी किंवा लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं, एक जाड टिपरू आणि एक बारीक काडी. वाजवण्याआधी ती शेकोटीवर तापवतात, म्हणजे कातडं ताठतं आणि आवाज कडक निघतो. गावगाड्यात तिचं काम ठरलेलं: दवंडी, मयत, लग्नाची वरात, मरीआईची आणि यल्लम्माची जत्रा. वाजवणारा बलुत्याचा धनी, म्हणजे प्रत्यक्षात सुगीला पसाभर धान्यासाठी हात पसरणारा. पाटलाने बोलावलं की जायचं, नाही म्हणायचं नाही. दक्षिण भारतात ठिकठिकाणी मिशनऱ्यांनी आणि देशी पाळकांनी अशा चामड्याच्या वाद्यांकडे संशयाने पाहिलं. त्यांना या वाद्यांत बळीचं रक्त आणि ताडी दिसली. तमिळ प्रदेशातल्या पराईचीही हीच कथा. तिथे मदुराईच्या धर्मशिक्षण महाविद्यालयात थिओफिलस अप्पावू यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस पराईसकट लोकसंगीतात उपासना बांधली, आणि सत्यनाथन क्लार्क यांनी १९९८मध्ये त्या ढोलावरच धर्मविचाराचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की ज्यांना ग्रंथ नाकारला गेला त्यांचा ग्रंथ तो ढोल होता.

आपल्या बाजूलाही आता शिकलेली तरुण मुलं हा प्रश्न काढतात. स्तोत्र दीडशेमध्ये डफ आहे, झांजा आहेत, तुतारी आहे. मग हलगीने काय पाप केलं? युक्तिवाद बिनतोड आहे आणि माझं मन त्यांच्या बाजूचं आहे.

पण म्हाताऱ्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. हलगी आत आणू नका म्हणणारा प्रत्येक वृद्ध मिशनऱ्याची री ओढतो आहे, असं आपण शहरातून आलेले लोक पटकन धरून चालतो. त्याच्या आजोबाने हलगी टाकली ती देवीच्या भीतीने किंवा साहेबाच्या हुकमाने नसेलही. पाटलाच्या हाकेला नाही म्हणता यावं म्हणून टाकली असेल. महाडला १९२७मध्ये बाबासाहेबांनी महारांना हलकी ठरवलेली कामं सोडायला सांगितलं, पुढे वतनाविरुद्ध लढा दिला. बौद्ध झालेल्या कित्येक घरांतही वाजपाची कामं अशीच निग्रहाने सुटली. ती सोडण्यात त्यांचं पोट गेलं. चर्चमधल्या पेटीपुढे मांडी घालून बसणं म्हणजे त्या आजोबासाठी वेशीबाहेर उभं राहणं संपणं होतं. आता मी येऊन त्याच्या नातवाला सांगावं की तुझी खरी संस्कृती हलगी आहे, आणि त्याला राग आला तर तो योग्य आहे. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या आजोबांची वेठ संस्कृती म्हणून परत मागितली आहे?

म्हणून माझं म्हणणं असं ठरलं आहे: हलगी आत यायची की नाही, हे तिच्यामुळे ज्यांना वेशीबाहेर ठेवलं गेलं त्यांनी ठरवावं. धर्मशिक्षण महाविद्यालयांनी नाही, सांस्कृतिक खात्याने नाही आणि व्याख्यात्यांनी तर नाहीच. अर्थात मत द्यायला मला कुणी अडवलेलं नाही, आणि माझं मत आहे की फेरीत ती असावी. रस्ता सगळ्यांचा आहे.

यात व्यवहाराचा एक पेच आहे. फेरीला हलगी लावायची ठरली तर वाजवायचं कुणी? ख्रिस्ती घरांतून दोनतीन पिढ्यांत हात गेला. मग गल्लीतलेच पण चर्चच्या वहीत नाव नसलेले वाजवणारे बिदागी देऊन बोलवायचे. पुष्कळदा ते भावकीतलेच. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्याला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत, तेव्हा एकाच घरात एक भाऊ वहीत आणि एक वहीबाहेर, हेही नवं नाही.

दरम्यान पोरांनी आपला मार्ग काढला आहे. पेटीशेजारी आता कीबोर्ड आला आहे आणि तबल्याच्या जागी ऑक्टापॅड. डिसेंबर सुरू झाला की तेलुगू नाताळगीतांचा पूर मोबाइलवरून येतो. त्यांत डप्पूचा ठेका असतो, डप्पू म्हणजे आपली हलगीच, आणि त्या चालींवर कानडी-मराठी शब्द बसवून पोरं गातात. ऑक्टापॅडमध्ये हलगीचा टोन भरलेला असतो. जिने कधी हलगी हातात धरली नाही अशी मुलगी काठीने रबरावर वाजवते आणि चर्चमध्ये, अगदी वेदीच्या बाजूला, तो कडक आवाज घुमतो. जे वडीलधारे कातडी हलगीला हरकत घेतात त्यांची याला हरकत नसते. मी एकदा एका वृद्धाला कारण विचारलं. ते म्हणाले, हिला बोलवायला पाटलाचा माणूस येत नाही.